एलिसेओच्या वाटणीचं काम

सुलेमा ओयार्सोला शीळ घालता येत नाही. तिची आई म्हणायची, बाईमाणसानं शीळ घातली की डोंगरावरून वारा उतरतो आणि वाळत घातलेले कपडे शेजारच्या गावात जाऊन पडतात. म्हणून तिनं जन्मात कधी ओठांचा चंबू केला नाही. आता साठी आली, आता काय शिकणार.

शीळ घालायचा तो एलिसेओ, तिचा नवरा. आणि त्याची तरी शीळ कसली, अर्धा सूर आणि अर्धी हवा. पुढचा एक दात तरुणपणीच गेलेला, त्या फटीतून सूर निसटून जायचा आणि मागे नुसतं फिस्स उरायचं. बियरला कडूपणा आणणाऱ्या हॉपच्या वेलींच्या मळ्यात तिनं त्याला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. ती आईबरोबर तोडणीला आलेली, वेलींच्या खरखरीत अंगानं दोन्ही हात ओरबाडून लाल झालेले, आणि वर ट्रॅक्टरला जोडलेल्या उंच माच्यावर उभा राहून एक काटकुळा पोरगा सपासप वेली कापतोय आणि फिस्स फिस्स करत गाणं म्हणतोय. तिला हसू आलं. तो वरून म्हणाला, "हसतेस काय जाडे, माझा दात शोधून आण, मग ऐक नीट." ती तेव्हा कुठून जाडी, नुसती काठी होती. पण नाव पडलं ते पडलं. शेवटपर्यंत जाडीच.

ट्रकमधून सांडलेली हॉपची फुलं दोघं पोत्यात भरून आणायची, त्याच फुलांची त्यांनी घरातली पहिली बियर केली. इतकी कडू झाली की डुकरानंसुद्धा तोंड फिरवलं. पण पुढे जमत गेलं. पॉपलरची पानं पिवळी पडायला लागली की मागच्या कोठीत बुधला भरायचा, हे त्या घराचं पंचांगच होऊन बसलं. विकायची वगैरे नाही. घरात प्यायची, मांस भाजायला लोक जमले की वाटायची, आणि कुणाच्या घरी मयत झालं की दोन बाटल्या घेऊन जायचं.

कामं वाटलेली होती. सातू उकळायचं दोघांचं. बाटल्या तिच्या. घासायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या, भरायच्या, यंत्रानं दाबून झाकणं बसवायची. साखर मात्र एलिसेओची. बाटलीत भरायच्या आधी बियरमध्ये थोडी साखर घालावीच लागते. बियरमधलं यीस्ट बंद बाटलीत बसून ती साखर खातं, त्याचा श्वास आत कोंडतो, तोच फेस. साखर कमी पडली तर बियर मेलेली लागते. जास्त पडली तर बाटली फुटते.

लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी एकमेकांना न विचारता साखर घातली होती. महिनाभरानं कोठीत असा काही बार उडाला की शेजारी बंदूक घेऊन धावत आले. तेव्हापासून ठरलं. बाटल्या भरायच्या दिवशी सुलेमानं सकाळी नळीनं बियर बुधल्यातून तोटीच्या टाकीत काढून घ्यायची आणि जेवून आडवं व्हायचं. तिच्या वामकुक्षीत एलिसेओ पाक करणार, टाकीत ओतणार, ढवळणार, आणि गळ्यातला लाल रुमाल सोडून तोटीला बांधणार. रुमाल दिसला की समजायचं, साखर पडली, आता कुणी शहाणपणा करू नका. ती उठायची, रुमाल सोडून त्याच्या तोंडावर भिरकावायची आणि बाटल्यांना बसायची. चाळीसेक वर्षं हेच.

मागच्या हिवाळ्यात एलिसेओ गेला. छाती भरून आली आणि रिकामी झालीच नाही. त्याला पेटीत ठेवलं तेव्हा सुलेमानं रुमाल गळ्यात तसाच राहू दिला.

"आई, तेवढा काढून घे ना," मुलगी ग्रिसेल म्हणाली. "आठवण म्हणून."

"थंडी वाजेल त्याला," सुलेमा म्हणाली.

ग्रिसेलनं पुढे केलेला हात मागे घेतला.

मग पानगळ आली आणि सुलेमानं एकटीनं बियर लावली. सगळ्यांनी सांगून बघितलं, या वर्षी राहू दे. ती ऐकते कुणाचं. ग्रिसेल मदतीला येत होती, पण आई तिला कोठीत येऊ देत नव्हती, तू कपडे वाळत घाल म्हणायची, पोरीकडे बघ म्हणायची. ग्रिसेलची पोर, आयेलेन, चार वर्षांची. तिचं एक बुटकं लाकडी स्टूल होतं, पाठीला फळी असलेलं, आजोबांनी केलेलं, ते ती सगळीकडे ओढत न्यायची आणि कोठीत त्यावर बसून बाटल्यांच्या झाकणांची माळ करत बसायची.

बाटल्या भरायच्या दिवशी सुलेमानं बियर टाकीत काढली, जेवली, आडवी झाली. सवयच ती. उठून कोठीत गेली आणि तोटीकडे बघितलं. रुमाल नव्हता. असणार कसा. एक क्षण तिला वाटलं होतं असेल, आणि त्या एका क्षणाचा तिला इतका राग आला की तिनं ताडताड पातेलं चुलीवर चढवलं, साखर घातली, पाक केला, टाकीत ओतला. पातेलं हाताला कोमट लागलं होतं खरं. पण चूल जवळ होती, चुलीजवळचं काय, सगळंच कोमट असतं.

बाटल्या भरल्या, मांडणीवर उभ्या केल्या. झालं.

नंतर एका रविवारी जेवणं उरकून तिघी स्वयंपाकघरात होत्या. माते नावाच्या पाल्याच्या कडू चहाचा पोकळ भोपळा ग्रिसेलच्या हातात होता, ती नळीनं शेवटचा घोट ओढत होती, आणि मागून आवाज आला. एकच. कोरडा. मग जरा थांबून दुसरा. कुत्रा टेबलाखाली शिरला.

आयेलेन म्हणाली, "आजोबा खोकतायत."

सुलेमाच्या हातातून किटली सुटली नाही, पण पाणी सांडलं. कारण तिलाही तेच वाटलं होतं. एलिसेओ असाच खोकायचा शेवटी शेवटी, एक, मग थांबून दुसरा, आणि तिसरा येतोय की नाही म्हणून आख्खं घर कान देऊन बसायचं.

तिसरा आला. मग चौथा, पाचवा, आणि मग मोजायचं कुणाला सुचलं नाही.

शांत झाल्यावर दोघी दारापर्यंत गेल्या. जमिनीवर फेस, भिंतीवर फेस, आणि आंबूस गोड वास, एलिसेओच्या सदऱ्याला यायचा तसा. आयेलेनचं स्टूल नेहमीच्या जागी होतं. त्याच्या पाठीत काचेचा एक लांबट तुकडा रुतून बसला होता, सरळ, कुणी हातानं ठोकल्यासारखा.

ग्रिसेल त्या तुकड्याकडे बघत म्हणाली, "आई, या घरात बाटल्या आहेत तोवर मी पोरीला आणणार नाही."

"अगं, एकदा झालं म्हणून..."

"नाही आणणार. तू काय ते ठरव."

दुसऱ्या दिवशी ओस्मारला बोलावलं. ओस्मार म्हणजे रस्त्यापलीकडचा, सातू आणि हॉप विकणारा, पोट असं की दारातून आधी ते येतं आणि मग तो. तो वेल्डिंगचा मुखवटा आणि मेंढीच्या कातड्याचा कोट घालून आला. मोठ्या बाईला सगळे म्हणतात तसं तो तिला दोन्या म्हणायचा.

"दोन्या सुलेमा, मला सांगा, बियर केलीत की बाँब?"

"आत जा आणि गप काम कर."

"जातो. मेलो तर बायकोला सांगा, प्यायला गेला होता. तिचा विश्वास बसेल."

उरलेल्या बाटल्या त्यानं घोंगडीत गुंडाळून एकेक बाहेर आणल्या आणि कुंपणाजवळ उघडल्या. प्रत्येक वेळी फेसाचा खांब उभा राहायचा. शेवटच्या बाटलीत तळाला घोटभर उरली, ती त्यानं चाखली, जिभेवर फिरवली, थुंकली नाही.

"बियर चांगली आहे," तो म्हणाला, आणि आता थट्टेचा सूर नव्हता. "आंबट नाही, काही नाही. एकदम एलिसेओच्या हातची. फक्त साखर दोनदा पडलीय."

"मी एकदाच घातली."

"मग दुसऱ्या कुणी घातली?"

सुलेमाच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की ओस्मारनं काढून ठेवलेला मुखवटा उगाच परत हातात घेतला.

तिला भीती वाटली असं नाही. म्हणजे वाटली, पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ऊबदार, आणि तिला त्याची लाज वाटत होती. आला होता तर. ठरल्या वेळी आला, पाक केला, ओतला. बांधायला रुमाल तेवढा नव्हता, तो तिनंच खाली पाठवला होता. त्याची काय चूक.

संध्याकाळी ग्रिसेल आली, एकटी. सुलेमानं तिला सांगून टाकलं, पातेलं कोमट होतं ते पण सांगितलं. तिला वाटलं पोरगी हसेल, नाहीतर रडेल. ग्रिसेल दोन्ही नाही, नुसती पांढरी पडली.

"आई. ती तू होतीस."

"कोण मी?"

"मी कपडे वाळत घालत होते ना त्या दुपारी, कोठीच्या खिडकीपाशी. आतून शीळ ऐकू आली. बाबांचीच, ती फाटकी. आत वाकून बघितलं तर तू. डावा हात कमरेवर, उजव्या हातानं टाकी ढवळतेयस, आणि शीळ घालतेयस."

"मला शीळ येत नाही."

"मला माहितेय येत नाही."

"मी झोपले होते, पोरी."

"मला वाटलं तू बरी होतेयस. मला वाटलं, चला, आई गाणं म्हणायला लागली. म्हणून मी हाक नाही मारली." ग्रिसेलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बाबा वजन डाव्या पायावर टाकायचे ना, तसंच. अगदी तसंच उभी होतीस."

सुलेमा खाली स्वतःच्या पायांकडे बघायला लागली, जणू ते कुणाचे आहेत ते तिथे लिहिलेलं असेल. मग हळूच म्हणाली, "मग मी कुठे होते?"



कोठीत दुसरा बुधला तयार होत होता. उशिरा तोडलेल्या हॉपची बियर, त्या मोसमातली शेवटची. ती कशात भरायची हाच आता प्रश्न. ओस्मारनं आपलं एक स्टीलचं पिंप आणून कोठीत ठेवलं, उंच, चकचकीत.

"आता सगळं खोरं यावर आलंय, तुम्हीच तेवढ्या बाटल्या घासत बसलाय," तो म्हणाला. "बियर ओता, झाकण लावा, सिलिंडरचा गॅस सोडा. आठवड्यात तयार. काच नाही, झाकणं नाही, काही फुटत नाही."

"आणि साखर?"

"साखरेचं कामच नाही."

साखरेचं कामच नाही. ओस्मार सहज बोलून गेला आणि ते वाक्य सुलेमाच्या घरात राहायला आलं. भाकरी भाजताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, तेच. मळ्यात यंत्र आलं तेव्हा एलिसेओला माच्यावरून खाली उतरवलं होतं, तुझं आता काम नाही म्हणून. त्यानंतर किती दिवस तो कुंपणाला टेकून उभा असायचा, जेवायला हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखा. एकदा सकाळी उठून चालायला लागला तो तीन दिवसांनी सापडला, नदीपलीकडे कुणाची तरी भिंत बांधत. काम नसलं की हा माणूस घरात राहायचाच नाही. तिला माहीत नव्हतं होय.

आता पिंपात बियर भरली की तो येणार. जेवणानंतरच्या त्या शांततेत, कुत्रासुद्धा झोपलेला असताना, पातेलं शोधत येणार. बघणार, साखरेचं काम नाही. जरा उभा राहणार, डाव्या पायावर. आणि जाणार.

आणि बाटल्या भरल्या तर तो येईल, पण पोर येणार नाही. ते स्टूल तिनं स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं. काच काढली होती, भोक होतं. करंगळी जाईल एवढं. ती येता जाता त्याच्यात करंगळी घालून बघायची. आयेलेन नेहमी त्या स्टुलावर मागे रेलून बसायची. त्या रविवारी मातेत साखर हवी म्हणून हट्ट धरून ती स्वयंपाकघरात राहिली होती, एवढंच.

तिनं मनातल्या मनात त्याच्याशी भांडणसुद्धा केलं. म्हणाली, तुझी नात आहे ना ती, तुला दिसत नाही का कुठे बसते. मग वाटलं, त्याला कसं दिसणार, डोळे तर माझेच वापरतो. हे मनात आलं आणि ती भर दुपारी स्वतःच्या स्वयंपाकघरात थंडगार पडली. म्हणजे काच तिनंच पेरली होती. तिच्याच हातांनी.

ती तडक उठली आणि रस्ता ओलांडून ओस्मारकडे गेली. तो पोती रचत होता.

"पिंपात साखर घातली तर चालते का रे?"

"कशाला? गॅस आहे की."

"चालते का ते सांग."

"चालते. म्हातारी माणसं घालायची. बाटल्यांना लागते त्याच्या निम्मी."

"आणि चुकून दोनदा पडली तर?"

ओस्मार पोतं ठेवून वळला. तिच्याकडे बघितलं आणि या वेळी त्याला विनोद सुचला नाही, किंवा सुचला तरी त्यानं गिळला. "तर काही नाही, दोन्या. झाकणावर एक कडी असते. रोज जरा ओढायची, जास्तीची हवा निघून जाते. बाटलीला तोंड नसतं, म्हणून ती फुटते बिचारी. पिंपाला आहे. फेस जरा जास्त येईल, बास."

"पिंप फुटत नाही ना?"

"तुम्ही आणि मी फुटू, पिंप नाही."

शनिवारी तिनं बियर पिंपात काढली. निम्म्या साखरेचा पाक केला, स्वतःच्या हातानं, जागेपणी, प्रत्येक चमचा डोळ्यांनी बघत. ओतला. झाकण लावलं नाही, नुसतं वर टेकवून ठेवलं, त्याच्यावर धुतलेलं फडकं. मग पातेलं घासून चुलीच्या कडेला ठेवलं, शेजारी साखरेचा डबा. डब्याचं झाकण सैल केलं. त्याला ते कधी उघडायचं नाही, नखं छोटी होती त्याची.

जेवली. आडवी झाली.

झोप लागणार नाही असं वाटत होतं. छताच्या फळ्यांकडे बघत पडली. बाहेर वारा नव्हता, एक पॉपलरचं पान पत्र्यावर पडलं तेवढं ऐकू आलं. तिनं ठरवलं होतं की जागं राहून बघायचं, हात कधी उठतात, पाय कधी खाली उतरतात. मग वाटलं, कशाला. नवरा कामाला येतोय, त्याच्यावर काय पाळत ठेवायची. तिनं कूस बदलली.

उठली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. ओठ दुखत होते. कोरडे पडून दुखत होते, बारीक, ओठांच्या कडांना, जिथे कधीच काही दुखत नाही तिथे. तिनं बोट लावून बघितलं.

कोठीत पिंपाचं झाकण घट्ट बसलेलं. फडकं घडी करून स्टुलावर. हो, स्टूलही कोठीत होतं. सकाळी ते स्वयंपाकघरात होतं. त्याच्या पाठीतलं भोक कुणीतरी लाकडाची खुंटी ठोकून बुजवलं होतं आणि कानशीनं घासून गुळगुळीत केलं होतं. सुलेमाच्या बोटांवर भुसा होता.

पातेल्याला तिनं तळवा लावला. कोमट.

ती बसली तिथेच, जमिनीवर, पिंपाला पाठ लावून. रडली नाही. अंधार पडेपर्यंत बसली.

पुढच्या रविवारी ग्रिसेल पोरीला घेऊन आली. आधी कोठीत शिरून मांडणी बघितली, रिकामी. पिंप बघितलं, त्याच्यावर दोनदा टकटक केलं, मग पोरीचा हात सोडला. आयेलेननं स्टूल ओढलं आणि पिंपासमोर ठाण मांडून बसली.

"आई, हे भोक कुणी बुजवलं?"

"घरातच," सुलेमा म्हणाली.

ग्रिसेलनं खुंटीवरून अंगठा फिरवला. बाबा अशीच ठोकायचे, जरा तिरकी. ती आईकडे बघत राहिली आणि मग बघायचं थांबली. "बरं," म्हणाली.

सुलेमानं कडीत बोट घातलं आणि ओढली. पिंपातून हवा निघाली. आधी सूर निघाला, बारीक, वर चढत गेला, आणि मग फाटला आणि नुसतं फिस्स उरलं, बराच वेळ.

आयेलेननं मान वाकडी केली. "आजी, परत घालायला सांग त्यांना."

ग्रिसेल पटकन बाहेर गेली, कपडे नव्हते तरी दोरीपाशी जाऊन उभी राहिली. सुलेमानं परत कडी ओढली.

जूनमध्ये, म्हणजे त्या दक्षिणेकडच्या मुलखात हिवाळा लागतो तेव्हा, बर्फ पडायच्या आधी, मांस भाजायला लोक जमले. ओस्मारनं पिंपाला तोटी लावली आणि पहिला पेला भरला, तर पेल्यात तीन बोटं बियर आणि वर एवढा फेस, त्याच्या मिशा, नाक, सगळं पांढरं. लोक हसले. त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"दोन्या, साखर दोनदा पडलीय बरं का."

सुलेमा शेगडीपाशी होती, डावा हात कमरेवर. तिनं वळूनही बघितलं नाही.

"आमच्याकडे दोनदाच पडते," ती म्हणाली.